चार माणसांचा भार पेलणारा रॉड

मी झाशीतल्या एका क्वार्टरच्या गॅलरीतला लोखंडी रॉड. बोलणं माझा स्वभाव नाही. पण पुरुषमंडळींची आरशासमोरची नाटकं इतकी वर्षं पाहून आता माझं डोकं उठलंय, म्हणून आज तोंड उघडतोय. ऐकून घ्या.

कारखान्याच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर अंबरीशची खोली आहे. तिच्या दारासमोरच्या गॅलरीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मला आडवं बसवलंय. कशासाठी? तर लटकून व्यायाम करण्यासाठी. प्रत्यक्षात माझ्यावर काय काय लटकलं ते सांगितलं तर तुम्हालाही राग येईल. ओले टॉवेल, इस्त्रीचे शर्ट, लसणाच्या जुड्या, अंबरीशच्या बहिणीच्या, सलोनीच्या, घुंगरांची पिशवी, आणि एकदा तर पाहुण्यांच्या बाळाची झोळी. माणूस सोडून सगळं.

माझा जन्म झाशीजवळच्या बिजौलीचा. तिथल्या एका शेडमध्ये मोठ्या कामातून उरलेला पाइप म्हणून मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी सुभाषचंद्र आले. हे जळगावकडचे, नोकरीसाठी झाशीत आले आणि इथलेच झाले. मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या मुलाला, अंबरीशला, वसाहतीतली पोरं ‘सींक सलाई’ म्हणून चिडवत होती. काडीसारखा बारीक मुलगा, नुकती मिसरूड फुटलेली. त्यानं वडिलांकडे रॉड मागितला होता.

दुसऱ्या कुणी बाजारातून दांडा आणला असता आणि दोन स्क्रू मारून मोकळा झाला असता. हे इंजिनिअर. यांनी कागदावर आकडेमोड केली. माणसाचं वजन किती, हिसका बसला तर किती, भिंतीची वीट किती धरेल, पुढच्या वीस पावसाळ्यांत गंज किती खाईल. शेवटी शेडमधल्या माणसाला म्हणाले, “भैया, इससे मोटा है क्या?” आणि त्यानं मला बाहेर ओढलं. मी मनगटाएवढा जाड.

सिमेंटमध्ये मला असं घट्ट बसवलं की गॅलरी पडली तरी मी पडायचो नाही. सुभाषचंद्रांनी घरी जाहीर केलं, की हा चार माणसांचा भार घेईल. ताराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, लगेच म्हणाल्या, “चौघं एकदम कशाला लटकतील हो?” त्यांचं कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी वसाहतीतली पोरं बघायला जमली. अंबरीशनं स्टुलावर चढून मला धरलं. खरं तर धरलं असं म्हणताच येणार नाही. त्याची बोटं माझ्या वर कशीबशी पोचली, अंगठा कुठंच पोचला नाही. स्टूल बाजूला केलं तसा तो घसरला आणि फरशीवर आपटला. पोरं हसली. सुभाषचंद्रांनी आधी मला तपासलं, मग मुलाकडे बघितलं.

“रॉड हललासुद्धा नाही,” ते म्हणाले. “हात सटकले. हातात जोर हवा.”

मनाला लावून घेण्यासारखं त्यात एवढंसं होतं, पण त्या वयात तेवढं पुरतं. तरी तो रोज प्रयत्न करत होता. पुढे सुट्टीत नागपूरहून चुलतभाऊ पराग आला. परागचे पंजे सुपाएवढे. तो सहज लटकला, झोके घेतले, वर हनुवटीसुद्धा नेली. मग तर विषयच संपला. रॉड ठीक आहे, अंबरीशच कमजोर आहे, असा सगळ्या घराचा निकाल लागला, आणि सगळ्यात आधी तो अंबरीशनं स्वतः मान्य केला. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर टॉवेल आले.

नाही म्हणायला वर्षातून एकदा मान मिळायचा. दसऱ्याला सुभाषचंद्र आपली हत्यारं पूजतात. पाने, हातोडी, स्कूटर, आणि मी. मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही असा नियम. माझ्या बाबतीत तो नियम वर्षभर पाळला जायचा. हार वाळून गळून पडेपर्यंत कुणी हलवायचं नाही.

अंबरीश मोठा झाला, शिकला, बडा बाजारातल्या एका विम्याच्या कचेरीत लागला. हुशार मुलगा, आवाज गोड, आईचं सगळं ऐकणारा. पण सकाळी कपडे करताना तो काय करतो ते मला समोर दिसायचं. आधी एक बनियन. त्यावर दुसरं. त्यावर तिसरं, जाड कापडाचं. मग पूर्ण बाह्यांचा शर्ट, कफची बटणं लावलेली. मग आरशापुढे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. खांदे जरा भरलेले वाटले की निघाला. थंडीत नव्हे, झाशीच्या उन्हाळ्यात. रस्त्यावरचं डांबर मऊ होतं तेव्हा.

मधूनमधून त्याला जोर यायचा. ओरछा गेटजवळ एक जिम निघाली तेव्हा पैसे भरून आला. तिथल्या भैयानं सांगितलं होतं, दो महीने में डोले बन जाएँगे. दोन आठवडे गेला. तेवढ्यात रोज रात्री दंड मोजून बघायचा आणि चेहरा पाडून झोपायचा. नंतर पावडरचा डबा आला. त्यानं पोट बिघडलं, आणि रिकाम्या डब्यात ताराबाईंनी शेंगदाणे भरले. मी वरून बघत होतो आणि माझा जीव नुसता वैतागत होता. अरे, कणीक भिजवली तरी थोडा वेळ झाकून ठेवता ना? मग अंगाला तेवढा वेळ नको?

अशात धाकट्या बहिणीचं, सलोनीचं, लग्न ठरलं. मुलगा शुभम, फौजेत कॅप्टन, जवळच बबीन्याच्या छावणीत पोस्टिंग. त्याचे वडील उत्तमराव फौजेतूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आई हौसाबाई साताऱ्याकडच्या, मोकळ्या तोंडाच्या. सगळं घर खूश. अंबरीश मात्र एका गोष्टीनं धास्तावला, ती म्हणजे कानपिळी.

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो. भर मांडवात, सगळ्यांसमोर, फोटोवाल्याच्या दिव्यात. तिकडे ऐन फौजी गडी आणि इकडे हा. बैठकीतच हौसाबाईंनी चेष्टा केली, की आमच्या शुभमचा कान तुझ्या मुठीत मावेल ना रे. सगळे हसले, तोही हसला. घरी येऊन त्यानं सलोनीला गॅलरीत बोलावलं आणि सांगितलं, कानपिळीला पराग उभा राहील. फोटोत बरा दिसेल.

सलोनीनं त्याच्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, “शादी माझी आहे ना दादा? फोटो बरा नको मला. भाऊ हवा.”

तो माझ्यावरचा टॉवेल नीट करत राहिला. ती पाय आपटत आत गेली. मला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, पण मला हात नाहीत.

साखरपुडा मे महिन्यात, घरीच झाला, कारण शुभमला तेव्हाच रजा होती. बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारी उन्हाळी हवा, वाहत होती. कूलर गरम हवा फेकत होता. अंबरीशनं तीन बनियन, शर्ट आणि वरून जाकीट घातलं होतं. पेढ्यांचं तबक घेऊन फिरता फिरता तो एकदम पांढरा पडला आणि तबकासकट कोसळला.

धावाधाव झाली. शुभमनं त्याला उचललं आणि वारा लागावा म्हणून गॅलरीत आणून माझ्याखाली निजवलं. सुभाषचंद्र डॉक्टरांना बोलवायला पळाले, ताराबाई मीठसाखरेचं पाणी करायला. शुभमनं जाकीट काढलं, शर्टाची बटणं सोडली. खाली बनियन. ते वर सारलं तर आणखी एक. त्याच्याखाली आणखी एक, घामानं निथळणारं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं भराभर वरचे दोन काढले, पिळा करून आपल्या पाठीमागे धरले. तेवढ्यात हौसाबाई दारात आल्या.

“उष्णता लागलीय, आई,” तो म्हणाला. “तू सगळ्यांना जेवायला बसव.”

त्या गेल्या. डॉक्टर येऊन बघून गेले, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाणी पोटात गेलं तसा अंबरीशला तरतरी आली, आणि आपल्या अंगावर एकच बनियन उरलंय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“कधीपासून?” शुभमनं विचारलं.

“कॉलेजपासून.”

“उन्हाळ्यातसुद्धा?”

“उन्हाळ्यातच तर दिसतं सगळं, शुभमजी. थंडीत स्वेटर असतो.”

शुभम हसला नाही. त्याच क्षणी हा माणूस मला आवडला. अंबरीशनं मग हळूहळू सगळं सांगितलं. मला धरून पडला ते, पराग लटकला ते, वडील बोलले ते. शुभम उठला आणि त्यानं मला हात घातला. इतक्या वर्षांनी कुणीतरी टॉवेल बाजूला केला. त्यानं दात खाऊन अंग वर ओढलं, आणि फार वेळ न लटकता खाली उतरून आपल्या पंजाकडे बघत राहिला.

“हा हातपंपाचा पाइप आहे, दादा. माझीच मूठ मिटत नाही यावर. बसवला कुणी?”

“बाबांनी. चार माणसांचा भार घेतो.”

“घेईल की. पण पकडणार कोण?”

अंबरीश उठून बसला. एवढी वर्षं ज्या गोष्टीवर त्यानं स्वतःला नापास केलं होतं, त्या गोष्टीकडे, म्हणजे माझ्याकडे, तो वर बघत राहिला. मला वाटलं आता हसेल किंवा चिडेल. त्यानं एवढंच म्हटलं, “बाबांना सांगू नका. त्यांनी फार मनापासून केलाय.”

बघा, ही माणसं. स्वतःला कमजोर म्हणवून घ्यायला तयार, पण वडिलांचं माप चुकलं म्हणायला नाही.

पुढच्या रविवारपासून शुभमचा दर आठवड्याला फोन सुरू झाला. त्यानं सांगितलेलं इतकं साधं होतं की अंबरीशचा आधी विश्वासच बसेना. जेवणाच्या टेबलाखाली पाठीवर झोपायचं, टेबलाची कड धरायची आणि छाती वर ओढायची. पलंगाच्या कडेवर हात टेकून दंड काढायचे, सोपे वाटले की मग जमिनीवर. खुर्चीवर बसायचं-उठायचं, नंतर खुर्ची काढून घ्यायची. दोन हातांत पाण्याचे कॅन घेऊन जिना चढायचा. हे एक दिवसाआड. मधल्या दिवशी चालायचं, कारण अंग भरतं ते विश्रांतीत. वेळेवर झोपायचं. पोटभर जेवायचं, उसळ, दही, अंडी. आणि आरशात महिन्यातून एकदाच बघायचं.

अंड्यांवरून वेगळीच गंमत. ताराबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. म्हणून अंबरीश माझ्याखाली बसून चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडायचा. वास घरभर जायचा. ताराबाई कपडे वाळत घालायला यायच्या, नाकाला पदर लावायच्या, काही न बघितल्यासारखं करून जायच्या, आणि जाताना मिठाची डबी विसरून जायच्या.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. जुलैत तो पुन्हा रुसला. काहीच फरक दिसत नाही म्हणे. रविवारी फोनवर शुभमनं विचारलं, की कॅन घेऊन जिन्यात किती वेळा थांबता. अंबरीश विचार करून म्हणाला, आता थांबत नाही. मग फरक म्हणजे आणखी काय असतो, असं शुभमनं विचारलं. हे मी केव्हाचं ओरडून सांगत होतो, पण लोखंडाचं कोण ऐकतो?

दसरा आला. सकाळी सुभाषचंद्र सोवळं नेसून, हळदकुंकवाचं ताट आणि झेंडूचा हार घेऊन माझ्याकडे निघाले. वाटेत त्यांना जेवणाच्या टेबलाखालून मुलाचे पाय बाहेर आलेले दिसले.

ते उखडले. एवढा मजबूत रॉड लावून दिलाय, मी त्याची पूजा करतोय, आणि हा टेबलाखाली लोळतोय. कारखान्यात लोक माझ्या मापांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, घरात मात्र कुणाला किंमत नाही. असं बरंच बोलले. अंबरीश बाहेर आला. कपाळावर घाम होता. मला वाटलं, नेहमीसारखा मान खाली घालेल.

“बाबा, हार मग घाला,” तो म्हणाला. “आधी एकदा तुम्ही लटका.”

“आज हत्याराला हात लावत नाहीत.”

“आजच लावा.”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. सुभाषचंद्रांनी ताट खाली ठेवलं. बघ आता, अशा थाटात स्टुलावर चढले आणि मला धरलं. मी त्यांच्या हातांची वाट किती वर्षं बघत होतो ते तुम्हाला काय सांगू. ज्यानं मला निवडलं, त्यानं मला कधी धरलंच नव्हतं. बोटं वर आली, अंगठा अलीकडेच राहिला. पाय सुटताच ते घसरले. अंबरीश तयारच उभा होता, त्यानं कमरेला धरून त्यांना अलगद खाली घेतलं.

सुभाषचंद्र कितीतरी वेळ आपला तळवा बघत होते.

“भिंत मोजली,” ते शेवटी म्हणाले. “वजन मोजलं. गंजसुद्धा मोजला. तुझी मूठ तेवढी मोजली नाही.”

ते आत गेले आणि टेप घेऊन आले. म्हणाले, हात दाखव. अंबरीशनं हात पुढे केला. त्यांनी टेप गुंडाळली, माप घेतलं, पुन्हा घेतलं. टेप काढली तरी हात सोडला नाही. मुलाच्या तळव्यावर आता घट्टे पडले होते, त्यांवरून ते अंगठा फिरवत राहिले. “पडलास तेव्हा लागलं होतं का रे?” त्यांनी विचारलं. अंबरीश म्हणाला, “थोडं.” मला मुलाचाही राग आला, बापाचाही आला. एवढं बोलायला एवढी वर्षं लागतात का?

पुढच्या सुट्टीला ते बिजौलीला गेले आणि मुठीत मावेल असा बारीक पाइप घेऊन आले. मला काढायचं तर भिंत फोडावी लागणार होती. म्हणून तो पाइप जाड पट्ट्यांनी माझ्याच खाली टांगला. आता लोक त्याला धरतात आणि त्याचं सगळं ओझं मी उचलतो. तक्रार नाही. टॉवेलांपेक्षा बरं.

मार्गशीर्षात लग्न होतं. हळदीच्या दिवशी गॅलरीत भावंडांचा दंगा चालला होता. डिसेंबरची थंडी, धुकं इतकं की समोरची इमारत दिसत नव्हती, आणि अंबरीश अर्ध्या बाह्यांच्या एका पातळ सदऱ्यात. ताराबाई स्वेटर घेऊन मागे फिरत होत्या. हा घालायला तयार नाही. मे महिन्यात तीन बनियन घालणारा मुलगा डिसेंबरात एकही घालत नाही, आता मी कुणापुढे डोकं फोडू?

परागनं हळदीचा हात वर केला आणि त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“काय रे, आहेस तसाच आहेस की.”

मी श्वास धरून बसलो. खरंच, पाहणाऱ्याला फारसा फरक दिसला नसता. खांदे थोडे रुंद, मान ताठ, एवढंच.

“हो ना,” अंबरीश म्हणाला. “नीट बघून घे आणि मग हळद लाव. उद्या कानाला मीच जाणार. तू पोटभर जेव.”

दारात सलोनी उभी होती. पुढे येऊन तिनं भावाचे दोन्ही गाल हळदीनं माखून टाकले.

मांडवात काय झालं ते मी पाहिलं नाही. पण सोळा दिवसांनी नवी जोडी हौसाबाईंना घेऊन माहेरी आली तेव्हा सगळे इथं उन्हाला बसले होते, आणि तोच विषय निघाला. हौसाबाई सांगत होत्या, की याचा हात आहे की पक्कड, आमच्या पोराचा कान दोन दिवस लाल होता. सगळे हसत असताना शुभम म्हणाला, की कान पिळताना बहिणीला सांभाळा वगैरे यानं काहीच म्हटलं नाही. कानाशी वाकून फक्त म्हणाला, “रविवारचा फोन बंद करू नका.”

अंबरीश लाजून कठड्याकडे वळला. सुभाषचंद्र चष्मा पुसायला लागले.

तर पुरुषहो, एवढंच सांगायचं होतं. दिसण्यासाठी करा, माझी हरकत नाही. पण अंगाला सवड द्या, जेवा, झोपा, आणि एकदा पडलात म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका. आणि मुलांसाठी काही बसवणाऱ्या वडिलांनो, आधी ते स्वतः हातात धरून बघा. फार अवघड नाही हो.

आता मला काम आहे. बापलेक आले. मुलगा आपलं करून बाजूला झाला आणि वडील स्टुलावर चढले. त्यांचे पाय जरा सुटतात, हात जरा टिकतात, पण गाल फुगवून तोंड मिटून घेतात आणि लालबुंद होतात. रोज तेच. मुलगा रोज सांगतो, मीही रोज सांगतो.

श्वास सोडा, साहेब. पडू देणार नाही तुम्हाला.